बाटलीतले गेले कुठे?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत आम्ही दोघांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हा पती-पत्नीला सांगितले, ‘तुमच्या कामाबद्दल बोला, पण सगळ्यांना कळेल असे बोला.’ आमचे काम म्हणजे औषधांच्या प्रयोगशाळांतल्या यंत्रांची देखभाल. आमच्यापैकी एकाच्या हातात पान्हा असतो आणि दुसरीच्या हातात वही. यंत्र काय म्हणते आणि नोंदी काय म्हणतात, हे दोन्ही जुळले की आमचे काम झाले.

बडोद्यात या विषयाला परके कोणी नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू झाले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन या मंडळींनी १९०७ मध्ये अलेम्बिक कंपनी काढली. अलेम्बिक म्हणजे द्रव तापवून, त्याची वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवण्याचे जुने भांडे. तेव्हापासून रसायनाचा वास या गावाच्या हवेत आहे. या सभागृहातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी नंदेसरीला नाहीतर मकरपुऱ्याला पाळीवर गेलेले आहे.

आजचा विषय ऐकायला फार लहान आहे. प्रयोगशाळा सुट्टीत बंद आहे, यंत्र थांबलेले आहे, त्याच्या डोक्यावर बाटली ठेवलेली आहे. सुट्टी संपून माणसे परत येतात, तेव्हा बाटलीतला द्रव कमी झालेला असतो. जमिनीवर ओल नाही, यंत्रावर डाग नाही. मग तो गेला कुठे? एका ठिकाणी या प्रश्नावर एका माणसाची बावीस वर्षांची नोकरी आणि इभ्रत टांगली गेली होती. म्हणून आम्ही हा विषय निवडला.

यंत्र काय करते

आधी यंत्राची ओळख. त्याला एचपीएलसी म्हणतात. लांबलचक इंग्रजी नावाचे हे लघुरूप आहे, आपण त्याला नुसते यंत्र म्हणू. शाळेत आपण सगळ्यांनी टीपकागदावर शाईचा ठिपका ठेवून कागदाचे टोक पाण्यात बुडवले असेल. पाणी वर चढते आणि काळ्या शाईतून निळा, तांबडा, पिवळा असे रंग वेगळे होतात. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेच्या नळीत खडूची पूड भरून तिच्यातून पानांचा अर्क जाऊ दिला, तेव्हा हिरवे आणि पिवळे पट्टे वेगवेगळे झाले. या पद्धतीला त्याने १९०६ मध्ये क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. आजचे यंत्र तेच करते, फक्त पुडीच्या जागी अत्यंत बारीक कणांनी ठासून भरलेली पोलादी नळी असते. तिला कॉलम म्हणतात. तिच्यातून द्रव आपणहून जात नाही, पंपाने ढकलावा लागतो. मिनिटाला एक मिलीलिटर द्रव जायला दीडशे बार दाब सहज लागतो, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट.

गोळीच्या पाकिटावर ५०० मिलिग्रॅम लिहिले असेल, तर आत खरोखर तेवढे औषध आहे का आणि त्यात नको ती अशुद्धी किती आहे, हे या यंत्रावर ठरते. पंपाला लागणारा द्रव दोन किंवा अधिक बाटल्यांतून येतो. एका बाटलीत क्षार विरघळवलेले पाणी असते, त्याला बफर म्हणतात. दुसऱ्या बाटलीत मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल असते. बाटल्या यंत्राच्या डोक्यावर आणि पंप खाली. पंपाच्या आधी झडपांचा एक ठोकळा असतो. कोणत्या बाटलीतले किती घ्यायचे, ते तो ठरवतो.

यंत्र बंद केले म्हणजे पंप थांबतो. पण नळ्या भरलेल्याच राहतात, बाटल्या उंचावरच राहतात, आणि गुरुत्वाकर्षणाला दिवाळीची सुट्टी नसते.

मिथेनॉल म्हणजे काय प्रकरण

आता सांगणार त्या गोष्टीत बाटली मिथेनॉलची होती, आणि गुजरातेत राहणाऱ्या माणसाला हे नाव कानावर पडताच काळजी वाटते. मिथेनॉल दिसायला पाण्यासारखे असते आणि वासाला साध्या स्पिरिटसारखे. पण पोटात गेले तर माणूस आंधळा होतो किंवा दगावतो. आपल्याकडे दारूबंदी आहे, तरी चोरट्या दारूत मिथेनॉल मिसळले गेल्याने लठ्ठाकांडे झाली आहेत. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत शंभराहून अधिक माणसे गेली. जुलै २०२२ मध्ये बोटाद आणि आसपासच्या गावांत चाळीसहून अधिक गेली, आणि ते मिथेनॉल एका गोदामातून चोरून नेलेले होते, असे पोलीस तपासात पुढे आले. तेव्हापासून मिथेनॉलचा हिशेब म्हणजे साधी साठावही राहिली नाही. बाटलीतले पाव लिटर कमी झाले तर व्यवस्थापकाची झोप उडते, आणि ते बरोबरच आहे.

पण त्यामुळे एक गोष्ट होते. मिथेनॉल कमी दिसले की पहिला प्रश्न ‘कुठे गेले?’ असा न येता ‘कोणी नेले?’ असा येतो.

घडले ते असे

ती प्रयोगशाळा इथलीच, बडोद्याच्या आसपासची. नाव सांगायचे कारण नाही. तिथे एक मदतनीस होते, सगळे त्यांना काका म्हणत. काचसामान धुणे, बाटल्या भरून ठेवणे, कुलपे लावणे ही त्यांची कामे. दिवाळीला प्रयोगशाळा बंद झाली ती थेट लाभपाचमीला उघडली. जाताना मिथेनॉलची एक लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, तशी नोंद होती. उघडल्यावर पाहिले तर एक तृतीयांशाच्या आसपास कमी. उत्तरायणाला दोन दिवस आणि जोडून रविवार अशी सुट्टी आली, तेव्हा पुन्हा तसेच, फक्त प्रमाण थोडे कमी. दोन्ही वेळा किल्ल्या पहारेकऱ्याकडे आणि काकांकडे होत्या. कॅमेरा होता, पण तो बाहेरच्या दारावर. सुट्टीत एकदा काका पाण्याची टाकी भरायला येऊन गेल्याचे त्यात दिसत होते.

काकांना बोलावून विचारणा झाली. त्यांनी सांगितले, ‘बाटलीला हात लावला नाही.’ आणखी काय सांगणार? ज्याने घेतलेले नाही, त्याच्याजवळ दाखवायला काही नसते.

आम्हाला बोलावले ते या टप्प्यावर, आणि सरळ सांगितले, ‘यंत्र तपासा आणि त्यात दोष नाही असे लिहून द्या, म्हणजे पुढची कारवाई करता येईल.’ आम्ही म्हटले, तपासतो. काय लिहायचे ते तपासून झाल्यावर ठरेल.

द्रव जाण्याच्या वाटा

घरातल्या उदाहरणाने सांगतो. गच्चीवरची टाकी रात्री भरून ठेवली आणि सकाळी अर्धी झाली, तर शहाणी गृहिणी शेजाऱ्यावर ओरडत नाही. ती आधी संडासातली फ्लशची टाकी बघते, मग बागेतला नळ, मग भिंतीवरची ओल. पाणी नाहीसे होत नाही, ते कुठल्या तरी वाटेने जाते. वाटा मोजक्याच असतात. या यंत्रातही तसेच आहे. त्या एकेक करून सांगतो.

पहिली वाट, बाष्पीभवन. माठातले पाणी कोणी न पिताही कमी होते. मिथेनॉल तर सुमारे ६५ अंशांनाच उकळते, त्यामुळे ते पाण्याहून पुष्कळ लवकर उडते. बाटलीचे झाकण सैल असेल, किंवा नळीसाठी पाडलेले भोक मोठे असेल, तर रोज थोडे थोडे जाते. यात आणखी एक धोका आहे. पाणी आणि मिथेनॉल एकाच बाटलीत मिसळून ठेवले असेल, तर मिथेनॉल जास्त उडते आणि उरलेल्या मिश्रणाचे प्रमाण बदलते. मग यंत्रावर औषधाचा पट्टा नेहमीपेक्षा उशिरा येतो आणि माणसे कॉलमला दोष देत बसतात.

दुसरी वाट, गळती. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलीलिटर. मिनिटाला एक थेंब गळला तर दिवसाचे १४४० थेंब होतात, म्हणजे ७२ मिलीलिटर. मिथेनॉलचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान, म्हणून आकडा कमी येईल, पण चार-पाच दिवसांत तोही नजरेत भरेल. बफर गळले तर पांढरी खपली मागे राहते. मिथेनॉल मात्र उडून जाते आणि माग ठेवत नाही. ‘कुठे ओल नाही’ यावरून ‘गळती नाही’ असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

तिसरी वाट, पंप चालू राहणे. कॉलम धुतला जावा म्हणून पुष्कळ जण रात्री पंप मंद गतीने चालू ठेवतात. मिनिटाला ०.२ मिलीलिटर ही गती किती क्षुल्लक वाटते! पण चोवीस तासांचे २८८ मिलीलिटर होतात.

चौथी वाट, बाटलीतून यंत्रात आणि यंत्रातून कॉलममार्गे टाकाऊ द्रवाच्या डब्यात आपोआप उतरणे. जुन्या काळी रॉकेलच्या पिंपातून डब्यात रॉकेल काढायला नळी लावत, ती आठवा. एकदा ओढून नळी भरली की वरचे खाली वाहतच राही. इथेही नळ्या भरलेल्या आहेत. मात्र वाटेत कॉलम आहे. अर्धा मीटर उंचीच्या मिथेनॉलचा दाब जेमतेम ०.०४ बार. दीडशे बारला मिनिटाला एक मिलीलिटर जाते, तर ०.०४ बारला किती? त्रैराशिक मांडा. दिवसाला अर्धा मिलीलिटरसुद्धा येत नाही. म्हणजे कॉलम जोडलेला असताना ही वाट बंदच समजायची. पण कॉलमच्या आधी पर्ज व्हॉल्व्ह नावाची एक चकती असते, नळ्या धुण्यासाठी. ती उघडी किंवा सैल राहिली तर कॉलम टाळून सगळे सरळ डब्यात जाते, अगदी रॉकेलसारखे.

पाचवी वाट, डिगॅसर. द्रवात विरघळलेली हवा काढण्यासाठी द्रव एका फार पातळ नळीतून नेतात आणि नळीच्या बाहेर निर्वात पंप चालतो. नळीला चीर गेली तर तो पंप हवेबरोबर द्रवाची वाफही ओढतो आणि यंत्राच्या मागच्या बाजूने बाहेर सोडतो. ती वाफ खोलीत साठू देऊ नये. मिथेनॉल आपल्या नेहमीच्या खोलीच्या तापमानालाच पेट घेऊ शकते. म्हणून त्या पंपाची नळी हवा खेचणाऱ्या कपाटात सोडावी, आणि वास घेऊन शोध करू नये.

सहावी वाट सर्वांत लबाड. ती म्हणजे एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत. दोन्ही बाटल्यांच्या नळ्या झडपांच्या एकाच ठोकळ्यात येतात. झडपा नीट मिटत असतील तर काही होत नाही. पण बफरमधल्या क्षाराचा कण झडपेच्या बैठकीवर बसला, किंवा झडपा झिजल्या, तर फट राहते. मग ज्या बाजूचा दाब जास्त, तिकडून कमी दाबाच्या बाजूला द्रव सरकत राहतो. यंत्राबाहेर एक थेंबही येत नाही. यंत्राचा विजेचा खटका बंद असला तरी हे चालते, कारण याला वीज लागतच नाही.

वजनकाटा काय म्हणाला

आम्ही वाटा एकेक करून बंद करत गेलो. पंप कधी चालला याची नोंद यंत्र स्वतः ठेवते आणि ती कोणाला गुपचूप पुसता येत नाही. सुट्टीच्या दिवसांत पंप चाललेला नव्हता, मुख्य खटकाच बंद होता. तिसरी वाट गेली. खटका बंद म्हणजे डिगॅसरचा निर्वात पंपही बंद, म्हणून पाचवीही गेली. पर्ज व्हॉल्व्ह घट्ट होता, कॉलम जोडलेला होता. चौथीचा हिशेब तुम्हाला आत्ताच सांगितला. प्रत्येक जोडाखाली कोरड्या टिश्यू पेपरच्या घड्या ठेवून पंप दाबाखाली चालवला. घड्या कोरड्या राहिल्या. दुसरी वाट जवळजवळ गेली.

उरल्या दोन, पहिली आणि सहावी. मग वहीवाल्या बाईंनी तिथल्या मुलींना विचारले, ‘सुट्टीनंतर तुम्ही आलात तेव्हा बफरच्या बाटलीत किती होते?’ कोणालाच सांगता येईना. एक म्हणाली, ‘ताई, ती आम्ही बघतच नाही. जुने बफर वापरायचे नाही असा नियम आहे. आल्या आल्या ओतून टाकतो, बाटली धुतो आणि नवीन बनवतो.’

नियम योग्यच आहे. पाण्यातल्या बफरमध्ये चार दिवसांत बुरशी आणि जिवाणू वाढतात. पण त्या नियमामुळे झाले असे, की कमी झालेली बाटली सगळ्यांनी पाहिली आणि वाढलेली बाटली दर वेळी सर्वांत आधी मोरीकडे गेली. शिवाय बफरची बाटली यंत्राच्या डोक्यावरच्या खणात होती आणि मिथेनॉलची बाटली तिथे जागा नाही म्हणून वरच्या फळीवर, म्हणजे चांगली वीतभर उंच.

अंदाज आला, पण अंदाजावर लिहून देता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मांडामांड केली. बफरच्या जागी शुद्ध पाणी अर्धी बाटली, मिथेनॉल नेहमीच्या फळीवर, टाकाऊ द्रवाचा डबा रिकामा करून पुन्हा जागेवर. शिवाय तेवढेच मिथेनॉल भरलेली, तसेच झाकण लावलेली आणखी एक बाटली शेजारी ठेवली, पण तिची नळी कशालाच जोडली नाही. बाष्पीभवनाने किती जाते ते ही बाटली सांगणार होती. चारही भांड्यांचे वजन करून लिहिले. पातळीवर खुणा केल्या नाहीत, वजनच घेतले. त्याला कारण आहे. पाणी आणि मिथेनॉल एकत्र आले की मिश्रणाचे आकारमान दोघांच्या बेरजेपेक्षा थोडे कमी भरते. खुणांवर विसंबलो असतो तर पुन्हा ‘थोडे गेले कुठे?’ हा वाद उरला असता. वजनात अशी घट येत नाही. दाराला कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर सह्या झाल्या. व्यवस्थापकांची, आमची आणि काकांचीही. काकांची सही आम्ही आग्रहाने घेतली.

सोमवारी सकाळी पट्टी शाबूत होती. मिथेनॉलची बाटली सुमारे १३० ग्रॅमने हलकी झाली होती. पाण्याची बाटली जवळजवळ तेवढीच जड झाली होती, फरक दोन-तीन ग्रॅमचा. न जोडलेली बाटलीही दोन-एक ग्रॅमने हलकी झालेली, म्हणजे तो फरक बाष्पीभवनाचा. टाकाऊ डबा होता तसाच. हिशेब पुरा झाला.

१३० ग्रॅम मिथेनॉल म्हणजे साधारण १६५ मिलीलिटर. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हे साठ-बासष्ट तास धरले, तर तासाला अडीच मिलीलिटरच्या थोडे वर. याच गतीने पाच दिवसांचे तीनशेच्या पुढे जातात. दिवाळीतली एक तृतीयांश बाटली ती हीच. रोजच्या रात्री मात्र तीस-चाळीस मिलीलिटर जात असणार, आणि सकाळी बाटली भरताना ते कोणाच्या लक्षात येत नसणार.

तरीही आम्ही आणखी दोन रात्री घेतल्या. पहिल्या रात्री नळ्या झडपेपासून सोडवून टोकांना बुच लावले. वजने जागेवर राहिली. दुसऱ्या दिवशी झडपांचा ठोकळा बदलून नळ्या पुन्हा जोडल्या. वजने जागेवर. आता वाद घालायला जागा नव्हती.

तिथल्या मुलींनी मग आणखी एक गोष्ट सांगितली. गेले काही महिने सकाळचे पहिले इंजेक्शन बिनसलेले येई, पट्टे नेहमीपेक्षा लवकर दिसत. त्या ते बाजूला ठेवून दुसरे घेत. त्याचा अर्थ आता लागला. रात्रभर बफरच्या नळीत मिथेनॉल शिरलेले असे आणि सकाळी तेच आधी कॉलममध्ये जाई. यंत्र रोज सकाळी तक्रार करत होते. फक्त ती तक्रार आणि कमी होणारी बाटली या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे कोणी जोडून पाहिले नव्हते.

बाटल्या एका उंचीवर ठेवल्या तर?

हा प्रश्न तिथे सगळ्यांनी विचारला, तुमच्याही मनात आला असेल. उत्तर असे, की तेवढ्याने भागत नाही. मिथेनॉल पाण्यापेक्षा हलके. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर एक लिटर मिथेनॉलचे सुमारे ७९० ग्रॅम. दोन्ही बाटल्या एका खणात ठेवल्या आणि दोन्ही सारख्या भरल्या, तर पाण्याच्या बाजूचा दाब जास्त होतो. झडप गळकी असेल तर आता बफर उलट मिथेनॉलच्या बाटलीत शिरेल. ते तर जास्त वाईट, कारण मिथेनॉलमध्ये बफरचे पुष्कळसे क्षार विरघळत नाहीत. त्यांचे कण होऊन झडपा, पंप आणि कॉलम तुंबतात. म्हणून उंची सारखी ठेवावी हे खरे, पण गळकी झडप बदलायलाच हवी.

पुढे काय झाले

आम्ही अहवाल लिहून दिला. त्यात यंत्राचा दोष, वजने, तारखा आणि सह्या होत्या. व्यवस्थापकांनी तो वाचला आणि काकांवरची कारवाई थांबवली. हे त्यांच्याबद्दल मुद्दाम सांगितले पाहिजे. मिथेनॉल कमी झाले तर चौकशी करणे हे त्यांचे कर्तव्यच होते, आणि उत्तर वेगळे निघाल्यावर ते मान्य करण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला.

काकांनी एकच गोष्ट मागितली. तोंडी नको, लेखी द्या. विचारणा झाल्याचा कागद त्यांच्या फाइलमध्ये लागला होता. त्याच फाइलमध्ये, त्याच कागदाच्या मागे, खुलाशाचा कागद लागावा आणि त्याची एक प्रत त्यांना मिळावी. तसे झाले. आम्हाला ती मागणी फार शहाणपणाची वाटली. तोंडी बोललेले माणसे बदलली की विसरले जाते, आणि फाइल मात्र राहते.

आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुले-मुली आज औषध कंपन्यांत, महाविद्यालयांत, छोट्या कारखान्यांत या यंत्रांवर काम करतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी थोडक्यात सांगतो.

सुट्टीवर जाताना नळ्या आणि कॉलम आधी पाण्याने आणि मग मिथेनॉलने धुऊन घ्या, म्हणजे क्षार आत राहत नाहीत. नळ्यांवर बंद करण्याच्या चाव्या असतील तर त्या बंद करा. नसतील तर नळ्या बाटल्यांतून काढून टोके झाका आणि बाटल्यांना साधी झाकणे लावा.

जाताना आणि आल्यावर सगळ्या बाटल्यांचे वजन करा. सगळ्या म्हणजे सगळ्या. बफर, सील आणि सुई धुण्याची बाटली, टाकाऊ डबासुद्धा. परत आल्यावर काहीही ओतण्याआधी वजन, मग मोरी.

काही कमी आढळले तर एका वेळी एकच गोष्ट बदला. झडप, झाकण आणि नळी एकदम बदलली तर दोष जाईल, पण तो कुठे होता ते कळणार नाही, आणि ज्याच्यावर संशय आला त्याला सोडवता येणार नाही.

आणि शेजारी एक न जोडलेली बाटली ठेवायला विसरू नका. तिला खर्च काही नाही, पण बाष्पीभवन किती आणि बाकीचे किती, हे तिच्याशिवाय कळत नाही.

हे सगळे यंत्रापुरतेच आहे असे आम्हाला वाटत नाही. आपल्या मंडळाची वर्गणी असो, घरातला किराणा असो किंवा कामवाल्या बाईंच्या समोर कमी झालेला साखरेचा डबा असो. कमी झाले की ते कुठेतरी गेलेलेच असते. ते कुठे गेले हे शोधायला थोडे कष्ट पडतात, वजनकाटा लागतो, दोन-चार रात्री थांबावे लागते. कोणी नेले हे म्हणायला काहीच लागत नाही, आणि ते आधी म्हटले जाते ते अशा माणसाबद्दल, ज्याच्या हातात किल्ली असते पण ज्याच्या शब्दाला वजन नसते. त्या माणसाच्या वतीने बोलणारी एक साधी वही आणि एक तराजू आपल्या प्रत्येक कामाच्या जागी असावा, एवढीच आज गणरायाच्या साक्षीने विनंती.



गणपती बाप्पा मोरया!